मी न बोललेलं बोटीवर ऐकू आलं

मंडळी, आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि वर हसायचो. चौदा वर्षं मी पाण्याखाली काम करतोय. बोटीच्या पंख्यात अडकलेली जाळी कापायची, बोटींचे तळ साफ करायचे, आणि गेली काही वर्षं पर्यटकांना स्कूबा करवायचं. दोनदा बुडालेली माणसंही वर काढली आहेत. मला कधी काही दिसलं नाही, की ऐकू आलं नाही. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय... पण खरं तर लाज त्या अनुभवाची नाही, माझ्या वागण्याची आहे. नावं अर्थातच बदलली आहेत.

आम्ही रत्नागिरीचे. बोट भाऊकाकांची, म्हणजे माझ्या सख्ख्या काकांची. वडील गेले तेव्हा मी नववीत होतो, पुढचं सगळं काकांनीच केलं. ओंकार हा त्यांचा मुलगा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून भाट्याच्या समुद्रावर यायचा. मग मुंबईला इंजिनिअर झाला, नोकरी केली, आणि तीन वर्षांपूर्वी "मला इथेच काहीतरी करायचंय" म्हणत परत आला. गोव्याला जाऊन डायव्हिंगचा कोर्स केला, सर्टिफिकेट आणलं, रील्स टाकायला लागला. बघता बघता पर्यटक फोनवर विचारायला लागले, "ओंकारसर असतील ना?" मला कोणी सर म्हणत नाही. मी म्हणजे "ते दुसरे".

जळत होतो मी. उगाच गोल गोल लिहिण्यात अर्थ नाही. तो हसला तरी मला राग यायचा. काका जेवताना त्याच्या ताटात माशाचा मधला तुकडा वाढायचे, आणि अडतीस वर्षांचा मी बाप्या तो तुकडा मोजत बसायचो.

आता मास्कचं सांगतो. आमचा साधा मास्क डोळे आणि नाक झाकतो, आणि हवा घ्यायला रबराचा तुकडा दातांत धरावा लागतो. चौदा वर्षं तो चावून चावून माझा जबडा सकाळी उघडताना दुखतो. फुल-फेस मास्कमध्ये कपाळापासून हनुवटीपर्यंत सगळा चेहरा आत. नाकाने श्वास घ्यायचा, आणि मुख्य म्हणजे बोलता येतं! कानापाशी एक छोटं युनिट बसवलेलं असतं. त्याचं बटण दाबून धरलं की तुमचं बोलणं वर बोटीवरच्या स्पीकरवर जातं. बटण सोडलं की तुम्ही फक्त ऐकायचं. काका किती वर्षं म्हणत होते, "पयला मास्क आला की तुझाच रे, मंगेशा."

मास्क आले दोन. एक कोरा, निळा. दुसरा कुणीतरी वापरून विकलेला, काचेवर ओरखडे पडलेला.

डिसेंबरचा महिना, सकाळचे साडेनऊ. काळबादेवीसमोर समुद्रात आमच्या माहितीचं एक खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक आहे, तिथे खोली नऊ मीटर आणि त्या दिवसांत पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. बोटीवर आम्ही चौघं. काका, ओंकार, मी आणि इंजिनवर रफिकभाई, जे माझ्या आधीपासून काकांकडे आहेत. नवीन वस्तू देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय, म्हणजे सांभाळ म्हणून विनवल्याशिवाय, पाण्यात न्यायची नाही, हा आमच्या घरचा रिवाज. जाळं असो, इंजिन असो, काहीही. काका गाऱ्हाणं घालतात, बाकीचे "होय महाराजा" म्हणतात, आणि मग एकाने त्या वस्तूवर अक्षता टाकून समुद्राला नारळ द्यायचा. हा मान तेरा वर्षं माझा होता.

दोन्ही मास्क पाटावर ठेवले. मी अक्षतांच्या वाटीकडे हात नेला तेवढ्यात काका म्हणाले, "आज ओंकारला टाकू दे. आता ह्येनाच सांभाळायचाय सगळा."

मी हात मागे घेतला. रफिकभाईंनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे न बघता टोपी नीट केली. काकांनी गाऱ्हाणं घातलं — बोटीला, बोटीवरच्या लेकरांना सांभाळ, पाण्यात गेलेला पाण्याबाहेर येऊ दे. होय महाराजा, म्हटलं मी पण. ओंकारने दोन्ही मास्कवर अक्षता टाकल्या. त्याला हे कधी करायला मिळालं नव्हतं, त्यामुळे चिमूटभर टाकायच्या तिथे मूठभर टाकल्या.

निळ्या मास्कच्या हनुवटीखाली एक व्हॉल्व्ह असतो. आपण सोडलेली हवा तिथून बाहेर जाते. आत पातळ रबराची चकती असते, ती हवा बाहेर सोडते पण पाणी आत येऊ देत नाही. कुंकवाने लाल झालेला एक तांदूळ घरंगळत त्या व्हॉल्व्हच्या फटीत गेला. दाणा चकतीखाली अडकला तर ती पूर्ण मिटणार नाही आणि पाणी आत येणार. मी तो जाताना बघितला. ओंकारने मास्क उचलून झटकला, बाकीचे तांदूळ खाली पडले. तो पडला नाही.

बोलायला मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण काका म्हणाले, "मंगेशा, तू जुना घे." आणि मी तोंड मिटलं.

मनात म्हटलं, शिरू दे थोडं पाणी. घाबरेल, धडपडत वर येईल, खोकेल. रफिकभाई बघतील, काका बघतील. चार दिवसांच्या कोर्सची काय ती ऐट उतरेल! एवढंच हवं होतं मला. तो बुडावा असं मनात नव्हतं. पण माणूस पाण्याखाली घाबरला की काय करतो ते मला चांगलं ठाऊक आहे, रोज पर्यटकांना तेच तर सांगतो मी. साध्या मास्कमध्ये पाणी आलं तरी हवा तोंडात असते. इथे नाक, तोंड, सगळं एकाच खोक्यात. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी गप्प बसलो.

आधी मी उतरलो. नांगराच्या दोरीला धरून तळाशी थांबायचं आणि मग ओंकारने यायचं, असं ठरलं होतं. कानात काकांचा आवाज आला, अगदी स्वच्छ, "मंगेशा, ऐकू येतंय काय रे? बोल कायतरी."

ज्या गोष्टीची इतकी वर्षं वाट बघितली ती समोर होती, आणि मी बटण दाबलं नाही. रुसलो होतो. दोन्ही हात दोरीवर होते. काका दोन-तीनदा "बोल मेल्या" म्हणाले, मग थांबले. मी वर बघत राहिलो. बोटीच्या कडेला ओंकारचे पाय पाण्यात आले, पिवळे फिन्स. मनात एकच चाललं होतं... ये, ये, उतर.

आणि ते पाय एकदम वर ओढले गेले.

मी वाट बघितली. मिनिटभर काहीच नाही. मला खरं सांगायचं तर चीडच आली, की आता काय नवीन नाटक? मग काकांचा आवाज आला. "वर ये रे बाला. वर ये."

वर आलो तर तिघंही माझ्याकडे बघत होते. ओंकारने मास्कच्या व्हॉल्व्हचं झाकण काढलं होतं. त्याच्या तळहातावर तो लाल दाणा होता.

"दादा, तू बोलला नसतास तर..." त्याने तो दाणा माझ्यासमोर धरला.

"मी कुठे काय बोललो?"

"अवो, आता तर बोललात," रफिकभाई म्हणाले. "ओम्या थांब, म्हणालात. उतरू नको, हनुवटीखालच्या व्हॉल्व्हमदी अक्षता अडकलीय, म्हणालात. दोनदा बोललात. दुसऱ्यांदा तर असे वरडलात की मी इंजिनावरनं उठलो."

"आवाज कुणाचा होता?"

"तुमचाच. आणखी कुणाचा असनार?"

ओम्या... लहानपणी, आम्ही दोघंच असलो की, मी त्याला ओम्या म्हणायचो. तो मुंबईहून परत आल्यापासून एकदाही ती हाक माझ्या तोंडून निघाली नव्हती. पाटासमोर मला जे काय वाटलं ते रफिकभाईंना कळलेलं असू शकेल, पण ओम्या हे नाव त्यांना ठाऊकच नव्हतं.

नंतर मी सगळं तपासलं. ही युनिट्स दुरुस्त करणारा एक ओळखीचा आहे, तो म्हणतो बटण दाबल्याशिवाय आवाज जाणं शक्य नाही. मग बटण अडकलं असेल? नाही, चांगलं कडक आहे. पाण्याखाली नकळत बडबडलो असेन? त्या मास्कमध्ये स्वतःचा श्वासदेखील घुमतो, बोललो असतो तर आधी मलाच ऐकू आलं असतं. खोलीमुळे डोकं भ्रमतं म्हणावं तर नऊ मीटरवर कुणाचं डोकं भ्रमत नाही. आणि समजा, नकळत बोललोच... तरी जे मनात होतं तेच तोंडातून येणार ना? माझ्या मनात तर बरोबर उलटं चाललं होतं! तेच युनिट घेऊन त्याच खडपावर मी पुन्हा दहा-बारा वेळा गेलो. बटण सोडलं की काकांना काही ऐकू येत नाही.

पुढे काय झालं असेल ते ओळखलंच असेल. काकांनी मिरकरवाड्याच्या बंदरात भेटेल त्याला सांगितलं, माझ्या मंगेशाने पोराला वाचवलं. काकूने माझी दृष्ट काढली. निळा मास्क माझ्याकडे आला. नारळी पौर्णिमेला नारळाचा मानही परत मिळाला. ज्या ज्या गोष्टीसाठी मी जळलो ते सगळं घरपोच झालं, आणि मधला तुकडा माझ्या ताटात पडला की तो घशाखाली उतरेना.

शेवटी मी ओंकारला सांगितलं. पागोळ्या गळत होत्या, वादळी हवेमुळे बोटी बंद होत्या, आम्ही दोघं पडवीत सामान धुवत होतो. सगळं सांगितलं. दाणा मी बघितला होता, मुद्दाम गप्प बसलो, आणि खालून मी एक अक्षर बोललो नाही.

त्याने हातातला सूट पिळून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे ज्यानं मला ओम्या म्हणून हाक मारली, तो माझा दादा. तू कोण, ते तुझं तू बघ."

आता तो माझ्याशी बोलतो, कामापुरतं. काकांना त्याने काही सांगितलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला यातलं काही कळत असेल तर जरूर लिहा, मला अजून काहीच उलगडलेलं नाही. कधी एकटाच उतरलो की मी मास्कमध्ये कान देऊन थांबतो, पण तो आवाज माझ्याशी कधी बोलत नाही. ओंकारचा हेवा वाटणं थांबलंय आता. त्या दुसऱ्याचा वाटतो.