दोनांतलं मेलेलं कार्ड

माझ्या नणंदेच्या दिरांइतका मनापासून निराश होणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. यंत्र बिघडलं की बाकीचे लोक आधी ते उघडतात. भाऊजी आधी आशा सोडायचे आणि मग निवांतपणे विचाराला लागायचे. पिंगळीहून आमच्याकडे यायचे तेव्हा खिशात स्क्रूड्रायव्हर आणि चेहऱ्यावर सुतक असायचं. बिघाड नेमका कुठं आहे हे कळल्याशिवाय एक स्क्रू फिरवायचा नाही, हा त्यांचा नेम. एका लग्नात लाऊडस्पीकर गुरगुरायला लागला, तर हे वायर वीतवीत चाचपत बसले आणि मंगलाष्टकं संपल्यावर दोष सापडल्याचं त्यांनी जाहीर केलं. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला टेबलावर आडवे झाल्यावरही त्यांनी डॉक्टरांना बाजू पक्की बघून घेतली का, असं विचारलं होतं.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या बियाणे-संशोधनाच्या कार्यालयातली संगणकाची मोठी पेटी अर्धी आंधळी झाली. चार डिस्कपैकी दोन दिसेनात. त्या दोनांवर ज्वारीच्या वाणांच्या दोन हंगामांच्या नोंदी होत्या. सगळ्या मी एकटीनं टाइप केलेल्या, आणि मूळ कागद वाळवीनं खाल्लेले. पेटी विकणाऱ्यांचा माणूस येतो येतो म्हणत आला नाही, तेव्हा मी भाऊजींना बोलावलं.

ते हैदराबादच्या मित्रानं दिलेल्या लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीच्या फ्लॉप्या आणि लागलंच तर म्हणून एक नवं कार्ड घेऊन आले. फ्लॉप्या घालून संगणक सुरू केला, पडद्यावरच्या ओळी वाचल्या आणि सांगितलं की डिस्कशी बोलणारं कंट्रोलर कार्ड मेलंय. पेटीत तशी कार्डं दोन, जुळ्या भावांसारखी. एका नंबरचं कार्ड बोलत नाही एवढं लिनक्स सांगत होतं, पण ते कुठल्या खाचेत बसलंय हे सांगत नव्हतं. नव्या कार्डाला मेलेल्याचा नंबर द्यायचा. पण चुकून जिवंत कार्ड उपटलं तर एकाच नंबरची दोन कार्डं पेटीत राहतील आणि डिस्कवर भलतंच लिहून बसतील, अशी त्यांना धास्ती. म्हणून त्यांनी जिवंत कार्डाला डिस्क एकसारखी वाचायला लावली. जिचा दिवा लुकलुकेल तिची वायर धरून मागं गेलं की जिवंत कार्ड सापडणार, उरलेलं ते मेलेलं.

एकही दिवा लुकलुकला नाही. तीन दिवस ते पेटीसमोर मांडी घालून बसले. चहा आणला तर तेराव्याला आल्यासारखा घ्यायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वहिनी, आता काय खरं न्हाई. पडद्यावर वाचायलाय म्हणतंय अन् दिवाच लागंना. तुमच्या नोंदी गेल्या असं समजा."

मी उठून पेटीजवळ गेले. कसला दिवा, म्हणून विचारलं. त्यांनी प्रत्येक डिस्कच्या कोपऱ्यातल्या लाल टिकलीवर बोट ठेवलं.

त्या टिकल्या मी लावल्या होत्या. खंडेनवमीला पेटीची पूजा माझ्याकडे होती. डिस्कवरचं ते हरभऱ्याएवढं गोल भिंग मला कुंकवासाठीच केलेलं वाटलं, आणि टिकावं म्हणून कुंकू तेलात कालवलेलं. शिपाई रोज पेटी पुसायचा, पण पूजेचं कुंकू तेवढं सोडून.

मी पदराचं टोक ओलं केलं आणि चारही भिंगं पुसली. खालच्या दोन हिरव्या दिव्यांची नुसती फडफड चालली होती.

भाऊजींनी त्यातल्या एका दिव्यावर बोट ठेवलं. मग वायर धरून मागं गेले, मेलेलं कार्ड काढलं, नवं बसवलं. साहेबांनी तीन दिवस का लागले म्हणून विचारलं. भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "दिव्यांवर धूळ लय बसली होती, साहेब."

संध्याकाळी पडद्यावर पालमच्या शेतावरच्या ज्वारीची पहिली ओळ आली. त्यांना ज्वारीतलं काही कळत नव्हतं, तरी एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते. पिंगळीची गाडी निघून गेली. मी त्यांना उठा म्हटलं नाही.