कार्मीनबायचे पंच

मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ब्लेझचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक खोली, पुढे फळ्यांचं दार आणि आत आंब्याच्या बुंध्याचा कमरेएवढा ओंडका. त्या ओंडक्यावर ब्लेझ मच्छीमार बोटींच्या इंजिनांची पॅकिंगं कापायचा. इंजिनाचे दोन लोखंडी भाग एकमेकांवर बसतात तिथे मध्ये पॅकिंग लागतं, नाहीतर तेल-पाणी गळतं. त्या पॅकिंगमध्ये बोल्टांसाठी भोकं पाडायची, ती पोकळ पंचांनी. पंच पोलादाचा, नळीसारखा, खालचं तोंड गोल आणि धारदार. पॅकिंगचा कागद ठेवा, रबर ठेवा, चामडं ठेवा, वरून हातोडीचा ठोका बसला की गोल टिकली कापून बाहेर. बोटींचं काम नसलं की ब्लेझ चामड्याचे पट्टे करी, जुन्या सॅन्डलांना बंद लावी.

कार्मीन त्याची बायको. लग्न होऊन मालवणात आली त्या वर्षापासून ती त्याच्या शेजारी बसून कात्री चालवत होती. कडा तिच्या आणि भोकं त्याची, अशी त्यांची वाटणी ठरून गेली होती. ती कोणी ठरवली नव्हती आणि कोणी मोडलीही नव्हती.

नाताळ सरला, आणि एका सकाळी नळावर तोंड धुताना ब्लेझ खाली बसला तो उठलाच नाही. गोव्याच्या इस्पितळातून परत आला तेव्हा उजवा हात लुळा पडला होता, उजवा पाय ओढत होता आणि तोंडात एकच शब्द उरला होता. "व्हय." भूक लागली तरी व्हय, नको असलं तरी व्हय, दुखत असलं तरी व्हय. समजत त्याला सगळं होतं. डोळे बघितले की कळायचं. पण आतलं बाहेर यायला वाट एकच राहिली होती, आणि ती फार अरुंद होती.

त्यांची मुलगी सॅन्ड्रा पुण्याला नोकरीत. ती आठवडाभर येऊन राहिली आणि जाताना म्हणाली, "मम्मी, दुकान भाड्यान दी. पप्पाक घेवन माझ्याकडे ये."

"नाय गो," कार्मीन म्हणाली. "हंयसर रस्त्यार बसलो तरी माणसां तेका नावान हाक मारतत. थंय तो निसतो पेशंट."

मुलगी गेली आणि कार्मीनने दुकानाच्या फळ्या काढल्या.

लोक यायचे, ब्लेझची विचारपूस करायचे, आणि काम मात्र दुसरीकडे न्यायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. समुद्रात इंजिन बंद पडलं तर काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. शेवटी देवबागचा सत्यवान आला. त्याची स्वतःची बोट होती आणि ब्लेझशी जुना घरोबा. पाण्याच्या पंपाचं फाटलेलं पॅकिंग त्याने ओंडक्यावर ठेवलं.

"असांच दुसरां काडून दी," तो म्हणाला. "घाई नाय."

कार्मीनने कडा कापल्या, त्या नेहमीसारख्या सफाईदार आल्या. मग ब्लेझचे पंच घेतले. एका ठोक्याने भोक पडेना, म्हणून दोन मारले, तीन मारले. पडलं एकदाचं. सत्यवान घेऊन गेला तेव्हा तिला वाटलं, जमलं.

दोन-चार दिवसांनी तो परत आला आणि दारातच उभा राहिला. आवाज चढवला नाही, त्याचंच तिला जास्त लागलं.

"कार्मीनबाय, पॅकिंग गळलां. इंजिन तापला. सुदेशाच्या बोटीन ओढून हाडल्यान आमका."

"कोणाक काय झाला नाय मा?"

"नाय. वारो नव्हतो म्हणान बरां."

तो गेल्यावर तिने ते गळकं पॅकिंग उजेडात धरलं. कडेला दोष नव्हता. भोकांपाशी मात्र कागद कुरतडल्यासारखा झाला होता, आणि एका भोकापासून केसाएवढी चीर आत गेली होती. तिने ब्लेझचे पंच एकेक करून अंगठ्यावर फिरवले. धारा बोथट झाल्या होत्या. एकाचं तोंड चेपून लंबगोल झालं होतं, एकाला खाच पडली होती. इतकी वर्षं ब्लेझचा हात त्यांना सांभाळून घेत होता. कुठे किंचित कलता धरायचा, कुठे ठोका आखडायचा, हे त्याच्या मनगटाला माहीत होतं. तिचा हात नवा होता. नव्या हाताला हत्यार तरी चांगलं हवं. विचारायचं कोणाला? ज्याला विचारायचं तो खुर्चीत बसून तिच्याकडे बघत होता.

"नवे हाडूक होये?" तिने विचारलं.

"व्हय," ब्लेझ म्हणाला. यातून काय समजायचं?

दुसऱ्या दिवशी शेजारणीला ब्लेझपाशी बसवून ती एसटीने बांद्याला गेली. तिचं माहेर त्याच बाजूला, आणि ब्लेझ हत्यारं नेहमी बांद्याच्या बाजारातल्या भाईंकडून आणायचा. पिशवीत पॅकिंगचे तुकडे होते, चामड्याचा एक पट्टा होता आणि रुमालात बांधलेले निरनिराळे बोल्ट.

भाई आता म्हातारे झाले होते. त्यांनी ओळखलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग काचेच्या कपाटातून एक पक्कड काढली. तिच्या तोंडाशी लहानमोठ्या नळ्यांचं चाक होतं.

"ह्यां बघ. हातोडी नको, काय नको. दाबलां की भोक."

कार्मीनने पट्ट्यावर दाबून बघितलं. भोक छान पडलं. मग पॅकिंगचा मोठा तुकडा घेतला, तर पक्कड काठापासून दोन बोटांपलीकडे पोचेना.

"बेल्टाक बरी," ती म्हणाली. "माका मधी भोकां पाडूची आसत."

मग डबीतला संच आला. मूठ एकच, आणि तिला खाली हवी ती नळी फिरवून बसवायची. दिसायला देखणा. तिने भाईंच्या ठोकळ्यावर ठोके मारून बघितले. थोड्याच वेळात नळी सैल होऊन डुगडुगायला लागली. तिने तो डबीत होता तसा लावून परत दिला.

भाई हसले नाहीत. आत गेले आणि तेलाने माखलेला पत्र्याचा डबा घेऊन आले. त्यात सुटे पंच होते, प्रत्येक आपल्या मापाचा, एकसंध पोलादाचा. कार्मीन जमिनीवरच बसली. प्रत्येक पंच डोळ्याला लावून दाराकडच्या उजेडात आरपार बघितला. धारेचा उतार बाहेरच्या अंगाला आहे की नाही, तोंड खरोखर गोल आहे की नाही, डोकं हातोडीखाली फुटेल इतकं कडक तर नाही, सगळं बघितलं. मग तुकड्यावर ठोका मारायची आणि भोक दोन्ही बाजूंनी बोटाने चाचपायची. खालची बाजू वरच्यासारखीच गुळगुळीत लागली तर तो पंच बाजूला ठेवायची. रुमालातले बोल्ट काढून मापं लावली. पॅकिंगला भोक बोल्टाहून जरासं मोठं, म्हणजे बोल्ट घालताना कागद गोळा होत नाही. चामड्याला मात्र बकलाच्या काट्याहून बारीक, कारण चामडं पुढे सैलावतं. हे तिने ब्लेझकडून कधी शिकून घेतलं नव्हतं. शेजारी बसून कानावर पडत गेलं होतं.

"ब्लेझ कसो आसा गो?" पंच कागदात बांधताना भाईंनी विचारलं.

तिला उत्तर द्यायचं होतं. तिने बोल्ट गोळा करून रुमालात बांधले, गाठ सोडून पुन्हा बांधली. भाई कागदाला दोरा गुंडाळत राहिले, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

घरी आल्यावर तिने ते पंच ब्लेझच्या मांडीवर ओतले. त्याने डाव्या हाताने एकेक उचलला, अंगठा धारेवरून फिरवला, नळीत नखाने खरवडून बघितलं. एक पंच त्याने जमिनीवर ठेवला. ती उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवायला गेली, तर त्याने तो पुन्हा खाली ठेवला. तिसऱ्यांदा तर ढकलून दिला.

दिवसभराची दगदग तिच्या तोंडातून बाहेर आली. "मी येवडां बघून हाडलंय! माका काय अक्कलच नाय?"

"व्हय!" ब्लेझ ओरडला.

"मगे तूच जावचा होता बांद्याक!"

"व्हय! व्हय!"

आवाज रस्त्यापर्यंत गेला. शेजारीण दारात येऊन उभी राहिली. कार्मीन बोलता बोलता थांबली. आजारपणापासून ती त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तशी बोलत आली होती. आज त्यांचं भांडण झालं होतं, पूर्वी व्हायचं तसंच. ब्लेझचा चेहरा लाल झाला होता आणि तो हसत होता, एका बाजूने. तिला रडू आलं, आणि मग तीही हसायला लागली.

तो पंच तिने ओंडक्यावर चालवून बघितला. भोक उत्तम पडलं, पण कापलेली टिकली आतच अडकली. दुसरी तिच्यावर चढली. नळी आतून वर रुंदावत जायला हवी, म्हणजे टिकल्या आपोआप सरकून नळीच्या बाजूला कापलेल्या खिडकीतून पडतात. ही नळी खाली जेवढी रुंद, तेवढीच वर होती. पुढच्या बाजाराला तिने तो बदलून आणला.

सत्यवानाचं पॅकिंग तिने पुन्हा कापून दिलं. त्याने बोट बंदरातच बराच वेळ चालवून बघितली आणि मगच बाहेर काढली. ते टिकलं. हळूहळू इतर बोटवालेही वळले.

ब्लेझच्या पायाला इस्पितळातून एक आधार दिला होता, प्लास्टिकचा, चिकटपट्ट्यांनी बांधायचा. दमट हवेने आणि वाळूने त्या पट्ट्या चिकटेनाशा झाल्या आणि आधार चालताना निसटे. कार्मीनने मऊ चामड्याचे पट्टे कापले, आतून अस्तर लावलं, बकलं बसवली. भोकं पाडण्याआधी सकाळ-संध्याकाळ त्याचा पाय दोन्ही हातांत धरून बघितला. संध्याकाळी सूज येई. म्हणून तिने भोकं जवळ जवळ पाडली, सावकाश, प्रत्येक ठोक्याआधी पट्टा त्याच्या पायाला लावून बघत. ब्लेझ पाय पुढे करून बसून राहिला.

त्या पट्ट्यांवर तो चालला. आधी दारापर्यंत, मग दुकानापर्यंत, मग काठी घेऊन बंदरापर्यंत. माणसं "काय रे ब्लेझ" म्हणत आणि तो "व्हय" म्हणे. त्या प्रश्नाला दुसरं उत्तर लागतच नाही.

त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याला दुसरा झटका आला आणि या वेळी इस्पितळात न्यायलाही सवड मिळाली नाही. सॅन्ड्रा पुण्याहून पोचली तेव्हा बायका त्याला सूट घालत होत्या. पायातला आधार तसाच होता. काढायचा की ठेवायचा, कोणाला सांगता येईना.

कार्मीन पुढे झाली. खाली बसून तिने एकेक बकल सोडलं. चामड्याखाली कातडीवर पट्ट्याच्या खुणा उमटल्या होत्या, त्यांवरून तिने तळवा फिरवला.

"आता तेका चलूचां नाय," ती म्हणाली. "मोकळो जावंदेत."

महिना झाल्यावर चर्चमध्ये त्याच्यासाठी झालेल्या मिस्सेनंतर सॅन्ड्राने पुन्हा पुण्याचा विषय काढला. कार्मीनने तिचं सगळं ऐकून घेतलं. तिला रागही आला नाही. आई एकटी राहील म्हणून मुलगी घाबरते, हे तिला दिसत होतं.

"दिवाळेक येतलंय," ती म्हणाली. "चार दिस ऱ्हवतलंय. आता जमाचा नाय."

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायला आली होती. ओढून ठेवलेल्या बोटींवरची झावळ्यांची झापं निघत होती, इंजिनं उघडली जात होती. वालावलहून दिव्या नावाची एक मुलगी बापाच्या पायाच्या आधाराला चामड्याचे पट्टे हवेत म्हणून त्याच्या पायाचं माप सुतळीवर घेऊन आली होती. कोणीतरी तिला या दुकानाचं नाव सांगितलं होतं. कार्मीनने ती सुतळी बाजूला ठेवली.

"बापाशीक घेवन ये गो," ती म्हणाली. "तेचो पाय बघल्याशिवाय माका भोकां पाडूक येवची नाय."

मुलगी होकार देऊन गेली. बाहेर दोन बोटवाले आपापली जुनी पॅकिंगं हातात धरून उभे होते. कार्मीनने पुढच्याला आत बोलावलं.