सपाट पावलांची काकू

चुलीवर चहा ठेवला, की आमची रंजनाकाकू एका पायावर उभी राहायची. उकळी आली, की पाय बदलायची. पाय बदलण्याच्या नादात चहा हमखास उतू जायचा. "जाऊ दे वं," ती मला म्हणायची, "चहा पुन्हा मांडता येते, पाय थोडेच मांडता येते?"

घाटंजीजवळच्या आमच्या गावी ती लग्न होऊन आली, तेव्हा तिनं कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून उंबरा ओलांडला. फरशीवर पावलं कसली, लाल भाकऱ्या उमटल्या! मधली खाच नाहीच. आजीचा चेहरा तिथेच उतरला. सपाट पायाची सून घराला लाभत नाही, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यात कापसाची ती वाईट वर्षं. कधी अळी, कधी भाव नाही, आणि सगळ्याचं खापर काकूच्या पायांवर.

वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य नेतात, त्याला आमच्याकडे सीतादही म्हणतात. ताट घरच्या धाकट्या सुनेनं न्यायचं. पहिल्याच वर्षी अरुंद धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, काकूचा तोल गेला आणि ती ताटासकट काळ्या मातीत बसली. ती स्वतःच खो खो हसली. आजी हसली नाही. पुढल्या वर्षापासून ताट शेजारच्या सुनेच्या हाती, आणि काकू मागून रिकाम्या हातानं.

"पडल्याचं काही नाही वं," ती मला म्हणाली, "पन माह्या घरचं ताट दुसरीनं काहून न्यावं?" कधी न रडणारी काकू त्या दिवशी रडली.

मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात होते. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे तिला घेऊन गेले. बाई म्हणाल्या, "पावलाचा आकार बदलेलच असं नाही, पण त्यात ताकद आली तर तोल सुधारेल. टाचा उचला, एका पायावर उभ्या राहा, पायाच्या बोटांनी गोट्या उचला."

गोट्या कुठून आणणार? काकू अंगणात कापसाची वाळकी बोंडं मांडून बसली आणि पायाच्या बोटांनी टोपलीत टाकू लागली. बघायला अर्धी गल्ली जमली. "हसा, हसा," काकू म्हणाली. "हाताले काम भेटून नाही राह्यलं, पायाले तरी भेटलं!" मग पाण्यानं भरलेलं ताट घेऊन धुऱ्यावर अनवाणी फेऱ्या सुरू झाल्या. सुरुवातीला पिकापेक्षा तिचं लुगडंच जास्त भिजायचं.

पुढच्या सीतादहीला काकूनं ताट मागितलं नाही, सरळ उचललं. आजी मागे, ताटाखाली हात धरायच्या तयारीत. अरुंद जागी ढेकूळ फुटलं, पाय हलला. काकू थांबली, चहाला थांबावं तशी एका पायावर, आणि दुसरा पाय सावकाश टेकवला. भाताचं शीतही सांडलं नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण आजीकडे बघून हात आवरले.

त्याही वर्षी भाव पडलाच. गल्लीतल्या एका बाईनं काकूच्या पायांकडे बघून सुस्कारा टाकला. आजी ओसरीवरून कडाडली, "भाव काय माही सून पाडते? तिनं साधं ताट पाडलं नाही!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून मी स्वयंपाकघरात धावले. चुलीपाशी काकू एका पायावर उभी होती, आणि तिच्या खांद्याला घट्ट धरून आजीही.

"सोडजो नको मले," आजी म्हणत होती.

"मी आहो ना आई," काकू म्हणाली. "आता दुसरा पाय."