पायथ्याशी वारा मोजणारे साहेब

साहेब रुमालाचं टोक चिमटीत धरून हात उंच करायचे. रुमाल हलला नाही तर हळूच मनगट हलवायचे आणि म्हणायचे, "पाहिलंत? वारा आहे."

दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. सालेकशाच्या एका टेकडीवर पवनचक्क्या चालतील का, हे तपासायला कंपनीने त्यांना पाठवलं होतं आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. असे साहेब तुम्हीही पाहिले असतील. प्रत्येक वाक्याआधी "साताऱ्याला असताना". तिथे म्हणे वाऱ्याने यांची टोपी पळवली होती. डोक्यातून नेण्यासारखं दुसरं काही सापडलं नसावं.

वारा मोजायचा मनोरा टेकडीच्या माथ्यावर उभा करायचा असतो. साहेब जीपने पायथ्याशी आले. त्यांनी वर पाहिलं, मग आपल्या बुटांकडे पाहिलं.

"गाडी वर जाते?"

"नाही सर. चालत..."

"मग इथेच."

महिनाभर मनोऱ्यावरच्या, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या वाट्या जेमतेम फिरल्या. चूक कबूल करतील ते साहेब कसले? त्यांनी खापर फोडलं शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या मोहाच्या दोन झाडांवर.

झाडं एका म्हातारीची. मोहफुलं वेचून, वाळवून ती मीठ-मिरचीचा खर्च भागवायची.

"काऊन तोडता साहेब? झाडाईनं वारा अडते का?"

"मावशी, पवनचक्क्या आल्या की तुमच्या जावयाला चौकीदार ठेवू."

तिने झाडांकडे पाहिलं. "नोकरी लागन म्हणता, तं तोडा."

तोडण्याची परवानगी साहेबांनी एका फेरीत आणली. त्यांचं वेळेवर झालेलं एवढंच काम मी पाहिलं. झाडं पडली तेव्हा फांद्यांना कळ्या आल्या होत्या.

वाट्या पुढेही तशाच रेंगाळल्या. "इथे पुरेसा वारा नाही" असा अहवाल देऊन साहेब मोकळे झाले. माथ्यावर वारा होता की नाही, हे आजही कोणाला माहीत नाही. जावयाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला या माणसाची अजून चीड येते.

निघताना त्यांनी म्हातारीच्या दारात जीप थांबवली. "मावशी, थोडी मोहफुलं द्या ना. घरी दाखवतो."

मला कुठे पाहावं कळेना. ती आत गेली आणि मडक्यातली फुलं कागदात बांधून घेऊन आली.

"घ्या. मागच्या सालचे आहेत. यंदाचे तं तुम्हीच तोडले."

साहेबांना ती थट्टा वाटली. ते पोटभर हसले. जीप सुटल्यावर त्यांनी पुडी उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि कोहमाऱ्याचा फाटा येण्याआधीच ती खिडकीबाहेर फेकून दिली.