कॅरव्हॅन गळता कामा नये!

माझी बायको म्हणते, तुमच्या दुकानात मालापेक्षा किस्सेच जास्त पडून असतात. खरंय. पण मालाला निदान सेल लावता येतो, किश्शांचं काय करायचं? त्यात आमचं हार्डवेअरचं दुकान भोपाळमधल्या कारखान्याच्या टाउनशिपच्या गेटासमोर. गिऱ्हाईक सगळे इंजिनिअर. नळाचा वॉशर घ्यायला तिघे येतात आणि काउंटरवर मीटिंग भरवतात! मी मात्र शिकलो ते ट्यूबच्या पाठीवरचं बारीक अक्षर वाचून.

*

खांडेकर साहेब रिटायर झाले. जूनअखेर क्वार्टर सोडायचं आणि मिसरोदच्या प्लॉटवर घराचं नुसतं जोतं आलेलं. साहेबांनी काय करावं? भंगारातून एक जुनी कॅरव्हॅन उचलली! गाडीमागे जोडून न्यायचं, चाकांवरचं ॲल्युमिनियमचं घर. कारखाना उभारायला आलेला कुणी परदेशी इंजिनिअर मागे टाकून गेलेला.

"पावसाळा यातच काढू," साहेब म्हणाले.

कुमुदवहिनींना दमा. जरा ओल आली की छाती भरते. क्वार्टरचं छत गळकं, त्यामुळे दर पावसाळ्यात त्यांचा पलंग खोलीभर फिरायचा आणि पलंगाच्या जागी बादली यायची. त्या दुकानात आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "भाऊ, ही गळता कामा नये."

नवऱ्याला नाही, मला म्हणाल्या!

*

मी काही सांगायच्या आतच साहेबांनी घरात उरलेलं, बाथरूमच्या फटी बुजवायचं सिलिकॉन अख्ख्या कॅरव्हॅनला फासलेलं. जाऊन पाहतो तर व्हिनेगरसारखा वास!

"साहेब, हा वासाचा प्रकार ॲल्युमिनियमला खातो. त्यावर रंग बसत नाही. दुसरं सीलंटही धरत नाही."

"मग?"

"मग खरवडा."

आठवडाभर दोघं नवराबायको समोरासमोर बसून खरवडत होते. मी म्हटलं, "वहिनी, त्रास झाला तुम्हाला."

"छे हो! लग्नानंतर हे इतका वेळ माझ्याशेजारी पहिल्यांदाच बसलेत."

*

आता लावायचं काय? खांडेकरांच्या शेजारचे पिल्लई साहेब क्वालिटी डिपार्टमेंटचे. टेस्ट झाल्याशिवाय ते घरातलं दहीसुद्धा पास करत नाहीत. "पहले सॅम्पल!" असा हुकूम सुटला. मी दिलेली सीलंटं पत्र्याच्या तुकड्यांवर लावून त्यांनी गच्चीत उन्हात मांडली. भोपाळचा मे महिना. निम्मी सीलंटं वितळून ओघळली, काहींना भेगा पडल्या. मी रोज आभाळाकडे बघून पावसाला उरलेले दिवस मोजायचो.

एके दिवशी पिल्लई एक पत्रा नाचवत दुकानात आले. "भाऊ, ये कौन सा मटेरियल है? क्या पकड़ है! नाखून से भी नहीं निकल रहा!"

मागून वहिनी धावत आल्या. "भाईसाहब, वो मेरा उड़द का पापड़ है!"

*

शेवटी ठरलं. पत्र्याच्या कडांवरच्या पट्ट्यांखाली चिकट ब्युटाइल टेप, सांध्यांना रबरासारखं ताणणारं पॉलियुरेथेन आणि छताला आपोआप पसरून समपातळीत बसणारं सीलंट. काम झकास झालं. फक्त साहेबांच्या हातात ट्यूब उरली आणि त्यांनी खिडक्यांच्या चौकटीखालची बारीक भोकंही बुजवून टाकली!

"साहेब, चौकटीत शिरलेलं पाणी त्यातूनच बाहेर पडतं!"

"पाणी शिरणारच नाही, तर बाहेर कशाला पडेल?"

इंजिनिअरपुढे काय बोलणार? पाणी चौकटीत साठलं की ते आत, पलंगावरच उतरणार. मी वहिनींना तेवढंच सांगितलं. त्यांनी अंबाड्यातला आकडा काढला आणि सीलंट ओलं आहे तोवर एकेक भोक मोकळं केलं. साहेब ओरडत होते.

"ओरडा," वहिनी म्हणाल्या. "कोंडलं की काय होतं, ते तुम्हाला नाही कळायचं."

*

क्वार्टर सोडायची तारीख आली. पण टेस्टशिवाय काही गेटाबाहेर पाठवायचं नाही, ही या इंजिनिअरांची जन्माची सवय. पिल्लईंनी पाण्याचा टँकर बोलावला.

वहिनी म्हणाल्या, "मी आत बसते. गळलं तर हाक मारीन." गळतीखाली ठेवायची नेहमीची हिरवी बादली हातात घेतली, आत गेल्या, दार लावून घेतलं.

पंप सुरू झाला. छतावर, खिडक्यांवर, सांध्यांवर धो धो पाणी. मी पत्र्याचा एकेक सांधा डोळ्यांनी चाचपत होतो. चौकटीखालच्या भोकांतून बारीक धारा लागल्या, तेव्हा साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

टँकर रिकामा झाला.

"कुमुद, गळलं का?"

उत्तर नाही.

"वहिनी!"

नाही.

साहेब दाराकडे धावले. "हवा... भाऊ, आत हवा आहे ना?" त्यांनी दार ओढलं. दाराला नवं रबर, घट्ट बसलेलं. साहेबांच्या कमरेला धरून पिल्लई ओढतायत, पिल्लईंच्या कमरेला धरून मी. फटकन दार उघडलं आणि आम्ही तिघंही चिखलात!

वहिनी मधोमध उभ्या होत्या. पायाखालची जमीन कोरडी, साडी कोरडी, श्वास शांत. नजर छतावर.

"अगं, हाक मारली तर ओ द्यायची नाही?" साहेब चिखलातूनच ओरडले.

वहिनींनी छत या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा पाहिलं. मग हातातल्या बादलीकडे पाहिलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "आता ही ठेवू कुठे?"