पन्हाळ्याला जाणारी गाडी

विमला पहिल्यांदा नृसिंहरावांना भेटली, तेव्हा ते भीतीने इतके थरथरत होते की बशीतले पोहे उडून शेजारच्या मामांच्या टोपीवर गोळा झाले, कपाटातल्या काचेच्या बाहुल्यांनी तोंडं फिरवली आणि गल्लीतल्या म्हशींनी भूकंप समजून दावी तोडली, असं तिच्या माहेरी अजून सांगतात. त्यातल्या म्हशी मागाहून घातलेल्या आहेत. पोहे खरे. पाणी देऊ का, असं विमलानेच विचारलं. त्यांची मान हलली ती होकारासाठी की नुसतीच, हे कुणाला कळलं नाही. घरच्यांनी होकार धरला आणि लग्न झालं.

नृसिंहराव पाटबंधारे खात्यात नकाशे गिरवायचे. विंचवाला, विजेला आणि विमलाच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे गारगोटीच्या आक्काला, ते घाबरत. पण सगळ्यात जास्त रेल्वेला. आपल्याला न घेताच गाडी सुटेल, या धास्तीने ते जन्मात कधी गाडीत बसले नव्हते. आणि याच माणसाने निवृत्तीनंतर वरच्या खोलीत, फळ्या जोडून, खेळण्यातली रेल्वे मांडायला घेतली. गाडी आपली, बटण आपल्या हातात. आपल्याला सोडून ती जाईलच कुठं?

जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर त्यांनी रूळमार्गाचा आराखडा काढला. कोल्हापूर स्टेशनातून निघायचं, झाडूच्या काड्या रंगवून केलेल्या उसातून वळायचं, पन्हाळ्याच्या पोटातल्या बोगद्यातून परत स्टेशनात. पन्हाळ्याला रेल्वे जात नाही, पण नृसिंहरावांच्या माडीवर जाणार होती. सांधे, वळणं, चढ, सगळं कागदावर बिनचूक उतरलं. डोंगराचा तेवढा त्यांनी आराखडा काढला नाही, कारण कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला किल्ला करायला कुणी शिकवावं लागत नाही. पोरं दिवाळीत करतात तसाच त्यांनी केला. विटांचा सांगाडा, वर लाल चिखलात बुडवलेलं पोतं, त्यात मोहरी पेरायची आणि हिरवळ दाट होईपर्यंत पाणी शिंपत राहायचं. पन्हाळ्याची तीन दरवाजा नावाची वेस काड्यापेट्यांतून उभी करण्यात त्यांचा अख्खा पावसाळा गेला. दिवाळीच्या किल्ल्याखालून गाडी जात नसते, एवढीच गोष्ट ध्यानात आली नाही.

खंडेनवमीला विमलाने हत्यारांबरोबर इंजिनाचीही पूजा मांडली. त्या दिवशी तिच्या गळ्यात आईचा साज होता. तो सोन्याचा साज दोघी बहिणी वर्षाआड वापरत, आणि दर खंडेनवमीला तो एकीकडून दुसरीकडे जाई. यंदा आक्काची पाळी होती. ती दुपारी न्यायला येणार होती. जाण्याआधी पूजेत ठेवावा म्हणून विमलाने साज काढून इंजिनामागच्या उघड्या डब्यात ठेवला, नारळ फोडला आणि खोबरं कापून आणायला खाली गेली. नारळ फुटला की गाडी सोडायची, असं ठरलेलं होतं. मुहूर्त टळेल या भीतीने नृसिंहरावांनी बटण दाबलं.

गाडी झोकात निघाली. साज मिरवत उसातून वळली, बोगद्यात शिरली, आणि पन्हाळा बसला. फार आवाजसुद्धा झाला नाही. भिजलेलं पोतं फसकन खाली आलं, मागोमाग विटा. बोगद्याची दोन्ही तोंडं बुजली.

नृसिंहरावांनी प्लग उपटला खरा, पण तोवर उशीर झाला असेल तर? साजाच्या मण्यांत लाख भरलेली. सोनं दोन्ही रुळांवर आडवं पडलं असेल, वीज खेळली असेल, लाख वितळून गेली असेल. त्यांनी चिमटा घातला, मग छत्रीची मूठ घातली. दर खेपेला वरून आणखी चिखल आला. तीन दरवाजा तेवढा अजून उभा होता. फोडावं तर तो जाणार, न फोडावं तर आक्का येणार. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

आक्का वर आली तेव्हा नृसिंहराव हात पसरून किल्ल्यासमोर उभे होते.

"पावणं, आसं आडवं का हुबारलाय?"

"गाडी यायचीय," ते कसेबसे म्हणाले.

"आणि माझा साज?"

"गाडीत."

मागून विमला ताटली घेऊन आली. एकदा किल्ल्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघून तिने ताटली खाली ठेवली. हळू आवाजात म्हणाली, "आईचं आता तेवढंच हाय ओ घरात."

अशा आवाजात ती आजवर कधी बोलली नव्हती. आक्काच्या ओरडण्याची नृसिंहरावांना सवय होती, या आवाजाची नव्हती. नारळाशेजारी पूजेतला हातोडा होता. तो उचलून त्यांनी डोळे मिटले आणि तीन दरवाज्यावर घातला.

आक्काने पदर खोचला. "आता कसं? काढा की भराभर."

ती विटा उपसू लागली, नृसिंहराव ओंजळी भरून चिखल काढू लागले. त्यांचे हात इतके थरथरत होते की ओंजळीतली माती चाळणीतून गळावी तशी आपसूक गळून जाई आणि खडे तेवढे उरत. अशाच एका ओंजळीत खड्यांबरोबर साज उरला. साजातली एक पानडी वाकली होती. मणी शाबूत होते, लाखही.

विमलाने तो धुतला, पुसला, कपाळाला लावला आणि आक्काच्या हाती दिला. आक्काने खोबरं खाल्लं, चहा घेतला, आणि पुढच्या वर्षी पूजा खालच्या खोलीत घाला, एवढंच सांगून गेली.

इंजिनात चिखल गेला होता. ते परत चाललं नाही. त्या फळ्यांवर आता जादा गाद्या ठेवतात.