अक्कांचे रविवार

माझ्या नणंदेइतक्या निर्धास्तपणे गुडघाभर चिखलात उभं राहणारं बाईमाणूस सगळ्या बंगळुरात दुसरं नव्हतं, आणि त्याच चिखलासकट चार पाहुण्यांच्या बैठकीत येऊन बसणारं तर अख्ख्या भरतखंडात नसेल. घरात त्यांना सगळेच अक्का म्हणत. ह्यांच्यापेक्षा त्या पाच-सहा वर्षांनी मोठ्या, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि भूगोलाचा उपयोग पक्षी कुठून येतात ते कळण्यापलीकडे काही असतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांच्या वर्गातल्या पोरींना रशियाची राजधानी विचारली तर अडखळत. पण सैबेरियात बर्फ कधी पडू लागतो आणि तिथून कोण कोण निघतं, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत.

मी साताऱ्याची. भाषावार राज्यं झाली त्या सुमारास लग्न होऊन चामराजपेटेतल्या त्या घरात आले. कार्तिक सरून मुहूर्त नुकते सुरू झाले होते. उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, मी उजवा पाय उचललेला, आणि आतून दबक्या पण कडक आवाजात हुकूम आला, "हलू नकोस!" मी एका पायावर तशीच उभी. सासूबाईंना वाटलं, माझ्या मागे साप आहे. त्यांनी ओवाळणीचं ताट घट्ट धरून डोळे मिटले. अक्का चवड्यांवर चालत दाराशी आल्या आणि माझ्या खांद्यावरून अंगणात बोट दाखवून म्हणाल्या, "परीट. हिमालयापलीकडून आलाय. आपल्या अंगणातला यंदाचा पहिला." न्हाणीच्या ओलीत एक पिवळट-करडा इवलासा पक्षी शेपटी खालीवर हलवत हिंडत होता. तो उडून गेल्यावर मग अक्कांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तू साताऱ्याहून आलीस, होय ना? ये, ये. तुझा प्रवास त्यामानानं थोडकाच झाला."

त्या घराची मराठी तीनशे वर्षं बंगळुरात मुरलेली. पहिल्या आठवड्यात सासूबाई माझ्या प्रत्येक वाक्याला "सरी, सरी" म्हणत. म्हणजे 'ठीक आहे'. मला वाटलं, त्या माझ्या गळ्यातली सरी मागताहेत. तिसऱ्या दिवशी मी ती काढून मुकाट्यानं त्यांच्या हातात ठेवली. घरभर हसू उसळलं. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. "तिला काय हसता?" त्या म्हणाल्या. "नव्या पाणथळीत उतरलेलं पाखरू पहिले चार दिवस असंच बुजतं." मला पाखरू म्हटलेलं आवडलं की नाही ते ठरवता आलं नाही, पण सरी मी परत गळ्यात घातली.

माणसांना पक्ष्यांत बसवल्याशिवाय अक्कांना ती समजतच नसत. सासूबाई टिटवी, कारण पिल्लांच्या वाटेला कुणी गेलं की आभाळ डोक्यावर घेत. हे म्हणजे वंचक बगळा. तासन् तास वर्तमानपत्राआड एका पायावर असल्यासारखे निश्चल, आणि ताट वाढलं रे वाढलं की एका झडपेत मटणाची फोड गायब. मी हळदीकुंकू बदक. असं एक बदक खरंच असतं, त्याच्या चोचीवर लाल आणि पिवळा ठिपका असतो, नव्या नवरीच्या कपाळासारखा. त्यांच्या मुख्याध्यापिकाबाईंना त्यांनी कुठल्या पक्ष्यात बसवलं होतं ते मी इथं लिहीत नाही. बाई हयात आहेत.

अक्कांचा थाटही बघण्यासारखा. अंगावर नऊवारीवर ह्यांचा जुना गरम कोट, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, काखेत छत्री आणि गळ्यात आजोबांची नाटक बघायची दुर्बीण. त्या दुर्बिणीच्या एका नळीत बुरशी धरली होती, त्यामुळे अक्का डावा डोळा मिटून बघत. पुढे पुढे ती सवय इतकी जडली, की कशाकडेही निरखून बघायचं म्हटलं की डावा डोळा आपोआप मिटायचा. भाजीवाला वांगी तोलत असला तरी. शहराबाहेरच्या आनेकल गावाच्या बसमध्ये एकदा त्यांना कंडक्टरच्या मागच्या खिडकीतून तारेवर बसलेला नीलपंख दिसला. बस हलत होती, तारा मागे जात होत्या, आणि अक्का मान वळवून वळवून त्या दिशेला डोळा मिटत होत्या. चौथ्यांदा तसं झाल्यावर तो गरीब माणूस जवळ आला आणि हात जोडून हळूच म्हणाला, "अम्मा, ननगे मदुवे आगिदे." म्हणजे, माझं लग्न झालंय हो. अक्कांनी पक्ष्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, "सरी, बहळ संतोष." फार आनंद झाला! त्यानंतर आम्ही चढलो की तो बसच्या पुढच्या टोकाला ड्रायव्हरला चिकटून उभा राही.

मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले ती सासूबाईंच्या सांगण्यावरून. "एकटी बाई तळ्याकाठी भटकते, लोक काय म्हणतील? तू जा तिच्याबरोबर," त्या म्हणाल्या. म्हणजे मी अब्रूची राखणदार. दसरा उलटला की रविवारी सकाळी डब्यात चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, आणि थर्मासात कॉफी घेऊन आम्ही निघायचो. आनेकलच्या रस्त्यावर शहर संपून रागीची, म्हणजे आपल्या नाचणीची, शेतं लागली की एक मोठं तळं होतं, त्याच्या बांधावर जाऊन बसायचो. पहिल्या दिवशी अक्कांनी मोठ्या विश्वासानं दुर्बीण माझ्या हाती दिली. "काय दिसतं?" मी म्हटलं, "काहीतरी काळं, केसाळ, हलतंय." त्यांनी दुर्बीण घेऊन बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "ती तुझी पापणी. ती इथलीच, बाराही महिने असते. पुढं बघ."

हळूहळू दिसू लागलं. शरदातलं ते ऊन, पावसानं धुतलेलं, अजून न तापलेलं. काठाकाठानं लाल काटक्यांसारखे पाय टाकत चालणारे शेकाटे. आणि मधल्या पाण्यात डोकी बुडवून नुसत्या टोकदार शेपट्या वर काढलेली तलवार बदकं. बघता बघता आमचं बोलणं चाले, तेही पाण्याकडे बघतच. सासूबाईंची सांधेदुखी, शाळेतली भांडणं, ह्यांचं अबोल असणं, रस्सा कशानं दाट होतो, असं काहीही. अक्का कधी काही खोदून विचारत नसत. एका दिवाळीत मला माहेरी जायला जमलं नव्हतं, आणि चित्रान्नाचा डबा मी न उघडताच बाजूला ठेवला. अक्कांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "रडायचं असेल तर स्वल्प ह्या बाजूला तोंड करून रड. त्या बाजूला बदकं आहेत." मी ह्या बाजूला तोंड करून रडले. बदकं हलली नाहीत. मग त्यांनी आपल्या वाटची कॉफीही मला दिली.

माझ्या लग्नाला तीन वर्षं होत आली, तेव्हा अक्कांसाठी एक स्थळ आलं. त्यांची तिशी कधीच उलटून गेली होती आणि सासूबाईंनी आशा सोडल्यासारखंच होतं. म्हणून चिकमगळूरकडच्या कॉफीच्या मळ्याचे एक व्यवस्थापक, विधुर, मूलबाळ नसलेले, आपण होऊन विचारताहेत म्हटल्यावर त्यांना देवच पावला. दिवाळीनंतरच्या रविवारी दुपारी ते येणार होते. "त्या दिवशी तरी जाऊ नकोस गं," सासूबाई काकुळतीला आल्या. अक्का म्हणाल्या, "कॉफीच्या वेळेला हजर असते." जामीन म्हणून मला पाठवण्यात आलं.

त्याच दिवशी तळ्याच्या पलीकडच्या अंगाला कुठली तरी अनोळखी बदकं उतरली होती. अक्का बघता बघता पुढं सरकल्या, पुढं म्हणजे काठावरून चिखलात, आणि चिखल त्यांना सोडेना. मी छत्रीचा दांडा पुढं केला, त्यांनी तो धरला, मी ओढलं. अक्का आल्या, उजवा बूट आला नाही. तोवर बस निघून गेली होती. शेवटी भुईमुगाची पोती घेऊन शहराकडे चाललेल्या एका बैलगाडीत आम्ही बसलो. गाडीवानानं मूठभर शेंगा दिल्या, त्या अक्का वाटभर सोलत होत्या आणि ती बदकं कुठली असतील याचा विचार करत होत्या. मी मात्र घरी काय सांगायचं ते जुळवत होते. मागच्या दारानं जाऊ, असं मी गल्लीच्या तोंडाशी बजावलंही. पण अक्का विचारात होत्या, आणि विचारात असलं की त्यांचे पाय समोरच्या दारानंच जात.

बैठकीत पाहुणे, त्यांच्या आत्याबाई, सासूबाई आणि हे, सगळे फराळाच्या ताटांभोवती बसलेले. अक्का दारात, एका पायात बूट, एक पाय अनवाणी, गुडघ्यापर्यंत काळा चिखल. सासूबाईंच्या हातातली चकली मोडली. पण पाहुणे खरंच भले गृहस्थ होते. ते उठून उभे राहिले, मोकळेपणानं हसले आणि म्हणाले, "बसा, बसा. मळ्यात पावसाळ्यात आमचीही हीच दशा असते." सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. अक्का तशाच बसल्या. त्यांनी पाहुण्यांना अनोळखी बदकांबद्दल सांगायला सुरुवात केली आणि पाहुण्यांनी ते मन लावून ऐकलं. आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. जमतंय की!

मग पाहुणे म्हणाले, "पण एवढं चिखलात जायचं कशाला? आमच्या बंगल्यामागं मोप जागा आहे. मी मोठा पिंजरा बांधून देतो. तुम्ही सांगाल ते पक्षी मागवतो. आरामखुर्चीत बसून बघा."

ते अगदी मनापासून बोलत होते. एखाद्या बाईसाठी कुणी एवढं कबूल करावं, हे आत्याबाईंनासुद्धा नवीन असावं. त्या कौतुकानं भाच्याकडे बघत होत्या. अक्कांनी डावा डोळा मिटून पाहुण्यांना नीट निरखलं. "मन मोठं आहे तुमचं," त्या हळू म्हणाल्या, आणि फराळाचं ताट त्यांच्याकडे सरकवून आत निघून गेल्या.

न्हाणीत मी त्यांच्या पायांवर पाणी ओतत होते. त्यांनी नखांनी चिखल खरवडला. मग म्हणाल्या, "माणूस वाईट नाही गं. मला वाटलं होतं, वाईट असेल, म्हणजे नाही म्हणायला सोपं जाईल." मी तांब्या भरला. "आईची काळजी काही खोटी नाही. उद्या माझे गुडघे गेले, डोळे गेले, तर कोण? तुम्हा लोकांच्या दारात..." अक्कांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

मी घरातली सर्वांत धाकटी, परकी, सरी काढून देणारी सून. मी म्हटलं, "पुढच्या रविवारी कितीच्या बसनं निघायचं, अक्का?"

त्यांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी आपल्या तोंडावर मारलं. तोंड पुसायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला.

नकार कळवला गेला. माझं वाक्य सासूबाईंच्या कानावर गेलं होतंच. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मीठ हवं असलं तर भिंतीला सांगत. असे काही आठवडे गेले आणि एका रविवारी आम्ही निघालो, तर सासूबाई लुगडं बदलून, पानाचा डबा घेऊन दारात उभ्या. "त्या तळ्यात असं काय ठेवलंय ते मलाही एकदा बघू दे," त्या म्हणाल्या. बांधावर चादर पसरून त्यांना बसवलं, तर त्या मुद्दाम पाण्याकडे पाठ करून बसल्या. एवढ्यात वरून एक शिकारी पक्षी घिरटी घालून गेला आणि सगळं तळं एकदम उठलं. शेकडो पंख, डोक्यावरून गेलेला वारा, पाण्याचे तुषार. सासूबाई गर्रकन वळल्या. "अय्यो, देवा! एवढी?" तो थवा वळसा घालून परत पाण्यावर बसेपर्यंत त्यांच्या हातातलं पान तसंच राहिलं. मग त्यांनी लेकीला विचारलं, "काय गं, ह्यांची लग्नं कोण जुळवतं?"

"आपली आपण, आई."

सासूबाईंनी पानाला चुना लावला, विडा तोंडात घातला, आणि म्हणाल्या, "तरीच. एकाच्याही तोंडावर काळजी दिसत नाही." त्यानंतर त्या घरात स्थळाचा विषय निघाला नाही. मीठही त्या माझ्याकडेच मागू लागल्या.

पुढं एकोणीसशे साठच्या दशकात अक्का मुख्याध्यापिका झाल्या आणि त्यांची बदली लांब, शिमोग्याकडे झाली. सुट्टी मिळे ती उन्हाळ्यात, आणि उन्हाळ्यात तळं अर्धं आटलेलं, बदकं केव्हाच निघून गेलेली. शरदात बदकं येत, तेव्हा अक्का नसत. त्यांचं आणि त्या तळ्याचं पुन्हा कधी जमलंच नाही. तोवर झालेली माझी मुलं सासूबाईंवर सोपवून मी एकदा एकटीच गेले. तिथं बसल्यावर लक्षात आलं, इतकी वर्षं पक्ष्यांची नावं घ्यायच्या त्या अक्का. मी फक्त मान डोलवायचे. त्या दिवशी लव्हाळ्यात एक लहानसा तपकिरी पक्षी आला, पाण्याला चोच लावली, काडीवर झुलला आणि गेला. पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. मी सवयीनं शेजारी वळले, तर शेजारी नुसता थर्मास.

वैशाखात अक्का आल्या, तेव्हा पहिल्याच रात्री दोघी आंबे चिरत असताना मी त्यांना तो पक्षी सांगितला. पोट कसं होतं, शेपटी केवढी, झुलायचा कसा. त्यांनी दोन-तीन नावं घेतली आणि आपणच खोडली. मग सुरी खाली ठेवून मला म्हणाल्या, "उन्हात बघितलास ना? नीट?"

"अगदी नीट."

"मग राहू दे नाव. तो तुझा."